हंगामाच्या मध्यात रेस डायरेक्टर बदलला की ट्रॅकवर नेमकं काय बदलतं?

कर्बवाला (प्रश्न)

मंडळी, एक शंका आहे. १२ नोव्हेंबर २०२४ ला एफआयएने (मोटर स्पोर्टची जागतिक संघटना) जाहीर केलं की फॉर्म्युला वनचे रेस डायरेक्टर (शर्यतीवर नियंत्रण ठेवणारे अधिकारी) नील्स विटिख पद सोडताहेत आणि लास वेगासपासून रुई मार्केस काम बघतील. तेव्हा हंगामाच्या तीनच शर्यती उरल्या होत्या: लास वेगास, कतार, अबू धाबी. एफआयए म्हणाली, ते नव्या संधींच्या शोधात गेले. विटिख यांनी एका जर्मन संकेतस्थळाला सांगितलं की आपण राजीनामा दिलेलाच नाही. कोण खरं, कोण खोटं यात मला पडायचं नाही.

मला कळत नाही ते वेगळंच. नियमपुस्तक तेच. दंड देणारे स्टुअर्ड वेगळे. सेफ्टी कार (धोका असताना सगळ्यांच्या पुढे राहून वेग कमी ठेवणारी गाडी) चालवणारा बर्न्ड मायलेंडर तर २००० पासून तोच. मग खुर्चीवरचा एक माणूस उठल्याने फरक पडतो तो कुठे? समालोचक 'नवे डायरेक्टर कडक आहेत' असं सांगून मोकळे होतात. हे कागदावर किंवा आकड्यांत तपासता येतं का, की नुसताच भास?

पिटवॉल

आधी कोणाच्या हातात काय असतं ते वेगळं करून घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

रेस डायरेक्टर एफआयए नेमते. क्लार्क ऑफ द कोर्स त्या त्या देशाची क्रीडा संस्था नेमते. (बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ भारतीय ग्रां प्री झाली तेव्हा ही नेमणूक आपल्या एफएमएससीआयच्या हातात होती आणि डायरेक्टर चार्ली व्हाइटिंग होते.) क्लार्कने डायरेक्टरच्या सततच्या सल्ल्याने काम करायचं, आणि काही ठराविक बाबींत डायरेक्टरचा शब्द अखेरचा: सराव आणि शर्यतीवरचं नियंत्रण, नियमाप्रमाणे एखादी गाडी थांबवणं, सत्र थांबवणं म्हणजे लाल झेंडा, सुरुवातीची प्रक्रिया आणि सेफ्टी कारचा वापर.

दंड ठरवणं मात्र त्यांच्या हातात नाही. ते घटना स्टुअर्डांकडे पाठवतात, तिथे त्यांचं काम संपतं. पडद्यावर 'नोटेड' दिसलं की समजा रेस कंट्रोलने (डायरेक्टर बसतो त्या नियंत्रण कक्षाने) नोंद घेतली. 'अंडर इन्व्हेस्टिगेशन' आलं की प्रकरण स्टुअर्डांनी हातात घेतलं. कतार २०२४ ला क्वालिफाइंगमध्ये (सुरुवातीचा क्रम ठरवणारं सत्र) रसेलसमोर विनाकारण हळू गाडी चालवल्याबद्दल वेरस्टॅपेनची एक जागा गेली आणि पोल, म्हणजे सर्वात पुढची जागा, रसेलला मिळाली. ते सगळं खापर 'नव्या डायरेक्टर'वर फुटलं, पण निर्णय स्टुअर्डांचा होता.

पिवळा झेंडा तर याहूनही खाली ठरतो. ट्रॅकलगतच्या पोस्टवरचा मार्शल धोका दिसताच स्वतःच्या अधिकारात पिवळा हलवतो, कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. लाल झेंडा आणि सेफ्टी कार मात्र वरून आदेश आल्याशिवाय नाही.

म्हणजे डायरेक्टरच्या हातात खरं काय उरतं? पिवळ्याच्या वर कधी जायचं हा निर्णय, आणि शर्यतीआधी संघांना जाणाऱ्या इव्हेंट नोट्स. तुमचा फरक शोधायचा तर या दोन ठिकाणी.

डबल यलो

पिटवॉल यांच्या पहिल्या मुद्द्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

नियमांत या पायऱ्यांची व्याख्या शब्दांत आहे, आकड्यांत नाही. एखाद्या भागात डबल यलो (दोन पिवळे झेंडे) लागावेत इतका धोका आहे पण सेफ्टी कार काढण्याइतका नाही, तेव्हा व्हर्च्युअल सेफ्टी कार (व्हीएससी), म्हणजे खरी गाडी न काढता सगळ्यांना हळू करणं. चालक किंवा अधिकारी यांच्या जिवाला तत्काळ धोका आहे पण शर्यत थांबवण्याची गरज नाही, तेव्हा खरी सेफ्टी कार. त्याच्या वर लाल. आता 'तत्काळ' म्हणजे किती तत्काळ? ते खुर्चीतला माणूस ठरवतो. माणूस बदलला की हा उंबरठा थोडा वर किंवा खाली सरकतो, आणि नियमपुस्तकाचं एक पानही हललेलं नसतं.

कतारचा आरसा हे उत्तम उदाहरण. आल्बनच्या विल्यम्सचा आरसा सुटून मुख्य सरळ रस्त्यावर पडला, रेसिंग लाइनच्या (गाड्या धावतात त्या सर्वात वेगवान मार्गाच्या) बाहेर. डबल यलो लागले, व्हीएससी नाही, सेफ्टी कार नाही. आरसा तसाच पडून राहिला. पुढे लक्लेरला वाट द्यायला बोटास बाजूला झाला आणि थेट त्यावरून गेला. तुकडे पसरले, मग हॅमिल्टन आणि साइन्झ यांचे टायर फुटले आणि अखेर सेफ्टी कार आली. एफआयएने नंतर दिलेलं स्पष्टीकरण असं की कचरा थोडा आणि लाइनबाहेर असेल तर सेफ्टी कार काढायची नाही, ही नेहमीची पद्धत. तत्त्व म्हणून ते चूक नाही. पण 'लाइनबाहेर' ही जागा कायम तशी राहत नाही, निळे झेंडे (मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट द्या) दिसले की मागे पडलेली गाडी नेमकी तिकडेच सरकते. हा धोका ओळखता यायला हवा होता, असं माझं मत.

त्याच डबल यलोमध्ये नॉरिसने वेग कमी केला नाही म्हणून त्याला दहा सेकंदांचा स्टॉप अँड गो (पिटमध्ये येऊन तेवढा वेळ थांबायचा दंड) बसला, तो पुन्हा स्टुअर्डांकडून. एकाच आरशाच्या प्रकरणात दोन वेगळे अधिकारी काय करतात ते इथे नीट दिसतं.

कर्बवाला

आरसाच उचलायचा होता तर व्हीएससी लावून मार्शल का पाठवला नाही? सेफ्टी कारपेक्षा ते स्वस्तात पडलं असतं.

डबल यलो

व्हीएससीमध्ये गाड्या हळू होतात, पण एकमेकींतलं अंतर साधारण तसंच राहतं. प्रत्येक चालकाला किमान वेळ दिलेली असते आणि प्रत्येक मार्शलिंग सेक्टरमध्ये (ट्रॅकच्या छोट्या टप्प्यात) निदान एकदा त्याला त्या वेळेच्या वर, म्हणजे हळू बाजूला, असावंच लागतं. पण वीस गाड्या लॅपभर विखुरलेल्या असतील तर दर काही सेकंदांनी एक गाडी आरशाजवळून जाणारच. सरळ रस्त्याच्या मधोमध माणूस पाठवायला मोठी मोकळी खिडकी लागते. ती खिडकी सेफ्टी कार देते, कारण ती सगळ्यांना एका रांगेत गोळा करते आणि रांगेमागे बराच वेळ रस्ता रिकामा राहतो.

व्हीएससी उपयोगी पडते ती गाडी बाजूला, कठड्याच्या फटीजवळ थांबली असेल आणि दोन मिनिटांत ढकलून आत घेता येत असेल तेव्हा. ती संपतानाही अंदाज बांधता येत नाही: 'एंडिंग' संदेश आल्यावर १० ते १५ सेकंदांत कधीही हिरवा होतो, म्हणजे कोणाला आधीच पाय दाबायची सोय नको.

ही पद्धत २०१५ पासून नियमांत आहे. २०१४ च्या सुझुकात (जपान) ज्युल्स बियांकी डबल यलोमध्येच घसरून क्रेनवर आदळला, त्यानंतर ती आणली. नुसत्या पिवळ्या झेंड्यावर चालक पुरेसे हळू होतात, हा भरवसा तिथे संपला.

पिटवॉल

आणि माणूस बदलण्याची परंपराही सुझुकाशी जोडलेली आहे. थोडा इतिहास देतो, कारण २०२४ मधलं जाणं एकटं बघितलं तर अर्धवट दिसतं.

व्हाइटिंग १९९७ पासून रेस डायरेक्टर होते. त्यांच्याकडे सुरक्षा प्रतिनिधी, स्टार्टर आणि एफआयएच्या एफ-वन तांत्रिक विभागाची जबाबदारीही होती. १४ मार्च २०१९ ला, मेलबर्नच्या शर्यतीच्या तीन दिवस आधी त्यांचं निधन झालं आणि मायकेल मासी यांनी सूत्रं घेतली. एकाच माणसात चार कामं साठवली की त्याच्या जागी एक माणूस बसवून भागत नाही, हे तिथे पहिल्यांदा दिसलं.

मग १२ डिसेंबर २०२१, अबू धाबी. ५८ पैकी ५३ व्या लॅपला लतीफी भिंतीवर गेला, सेफ्टी कार आली. हॅमिल्टन आणि वेरस्टॅपेन यांच्या मध्ये लॅप झालेल्या, म्हणजे एक फेरी मागे पडलेल्या, पाच गाड्या होत्या. मासी यांनी फक्त त्या पाचांना पुढे जाऊ दिलं, बाकीच्यांना नाही, आणि त्याच लॅपच्या शेवटी सेफ्टी कार आत घेतली. तेव्हाच्या ४८.१२ कलमात शेवटची लॅप झालेली गाडी पुढे गेल्यावर सेफ्टी कार 'पुढच्या लॅपच्या शेवटी' आत येईल असं होतं. स्टुअर्डांनी ४८.१३ आणि डायरेक्टरला सेफ्टी कारवर अखेरचा अधिकार देणारं १५.३ पुढे करून हॅमिल्टनच्या संघाची, मर्सिडीजची, तक्रार फेटाळली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मासी हटले. एफआयएच्या अहवालाने मानवी चूक म्हटलं. पण माणूस बदलण्यासोबत तेव्हा यंत्रणाही बदलली, आणि मला तरी तोच भाग महत्त्वाचा वाटतो:

कलमातलं 'कोणत्याही' गाड्या बदलून 'सर्व' गाड्या झालं. सेफ्टी कार आत येण्याचं गणित शेवटची गाडी कुठे आहे यावर न ठेवता 'लॅप झालेल्या गाड्यांनी पुढे जावं' या संदेशावर बांधलं: संदेश गेला की पुढच्या लॅपच्या शेवटी आत. संघप्रमुखांना शर्यतीदरम्यान डायरेक्टरशी रेडिओवर बोलायची मुभा गेली. जिनीव्हात दूरस्थ नियंत्रण केंद्र आलं. व्हाइटिंग यांचे जुने सहायक हर्बी ब्लॅश सल्लागार म्हणून परतले. आणि एकाऐवजी विटिख आणि एदुआर्दो फ्रेइतास असे दोघे आळीपाळीने आले.

ही आळीपाळी वर्षभरही टिकली नाही. ऑक्टोबर २०२२, पुन्हा सुझुका, पुन्हा पाऊस: सेफ्टी कार चालू असताना ट्रॅकवर अडकलेल्या गाड्या उचलणारं वाहन आलं आणि गॅस्ली त्याच्या जवळून वेगाने गेला. त्यानंतरच्या अमेरिकन शर्यतीपासून एकटे विटिख राहिले.

स्लिपस्ट्रीम

दोन डायरेक्टरांची आळीपाळी चुकीचीच होती. डबल यलो यांनी उंबरठा म्हटलं ना, तो माणसाबरोबर बदलायचा. संघांना नियम कडक असल्याचा त्रास कमी, तो कधी कसा लागेल याचा अंदाज नसल्याचा जास्त. पिट स्टॉपचं गणित पूर्णपणे यावर चालतं: अशी गाडी अशा जागी थांबली तर सेफ्टी कार येते की व्हीएससी? मागच्या वीस शर्यतींचा अनुभव असेल तर पिटच्या भिंतीजवळ बसून संघाचे निर्णय घेणारा माणूस टायर गरम करायला आधीच सांगतो. नवा डायरेक्टर आला की तो अनुभव बाद.

तीन शर्यती उरलेल्या असताना बदल केला यावर माझा आक्षेप तेवढाच आहे. मार्केस यांच्या लायकीवर नाही, ते एफ-टू आणि एफ-थ्री या खालच्या श्रेणींच्या शर्यती चालवून आलेले. एफ-टूमध्ये बावीस गाड्या आणि कमी अनुभवी चालक असतात, त्यामुळे सेफ्टी कारचा सराव तिथे भरपूर होतो. पण त्याच कतार आणि अबू धाबीला एफ-टूच्या शर्यतीही होत्या, म्हणजे तिथेही ऐनवेळी माणूस लागणार. त्या जागेवर येणाऱ्या जॅनेट टॅन कतारच्या आधीच एफआयएतून बाहेर पडल्या. स्टुअर्ड टिम मेयर यांनाही त्याच महिन्यात दूर केलं. एक खुर्ची रिकामी झाली की तिच्या खालच्याही हलतात.

चालकांना आधी सांगितलंच नव्हतं, हे त्यांच्या संघटनेचे संचालक रसेल लास वेगासला बोलले होते. एफआयएचं हे मला अजिबात पटलेलं नाही.

लॅपचार्ट

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे कोणी आलं नाही म्हणून लिहितो. तपासता येतं, पण सांभाळून.

पहिलं, इव्हेंट नोट्स. एफआयएच्या संकेतस्थळावर प्रत्येक ग्रां प्रीची कागदपत्रं क्रमांकाने असतात. त्यात 'रेस डायरेक्टर्स इव्हेंट नोट्स' नावाची पीडीएफ घ्या. वीकएंडमध्ये ती सुधारून पुन्हा निघते, तेव्हा शेवटची आवृत्ती घ्या, नाहीतर शुक्रवारच्या कागदावरून रविवारचे निष्कर्ष निघतील.

लोक इथे लागलीच ब्राझील २०२४ आणि लास वेगास २०२४ शेजारी ठेवतात. तसं करू नका. त्यातले बहुतेक फरक सर्किटचे असतात, माणसाचे नाहीत. लास वेगास २०२३ ला लास वेगास २०२४ लावा, अबू धाबी २०२३ ला अबू धाबी २०२४. मग हे बघा: सराव स्टार्ट कुठे करायचे, पिटमधून बाहेर पडतानाच्या रेषेबद्दल काय लिहिलंय, कोणत्या वळणावर ट्रॅकबाहेर गेल्यास कोणत्या खुणेला वळसा घालून परत यायचं, आणि क्वालिफाइंगमध्ये दोन सेफ्टी कार रेषांमधली कमाल वेळ किती दिली आहे. ही शेवटची वेळ मुद्दाम रेंगाळणाऱ्यांसाठी असते आणि डायरेक्टर सराव बघून ती बदलू शकतो. वाक्यरचना जुन्याचीच उचललेली असेल तर समजा त्याने अजून स्वतःचा हात फिरवलेला नाही.

दुसरं, उंबरठा. यासाठी रेस कंट्रोलचे संदेश वेळेसकट लागतात. फास्टएफवन ही पायथनची मोफत लायब्ररी ते देते: सत्र लोड करताना संदेशांचा पर्याय चालू ठेवा, मग प्रत्येक ओळीत वेळ, वर्ग, झेंडा, सेक्टर आणि लॅप मिळतो. सेफ्टी कार वर्गाच्या ओळी वेगळ्या काढा, त्या प्रत्येकीच्या आधीचा त्याच जागेचा पहिला पिवळा शोधा, दोन्हींमधले सेकंद मोजा. मग उलट बाजूही करा: डबल यलो लागला, पण पुढे काहीच आलं नाही, अशा घटना किती? कतारचा आरसा दुसऱ्या यादीत बराच वेळ बसून राहतो आणि मग पहिल्या यादीत येतो, म्हणून तो हाताने वेगळा ठेवा.

कुठे घसरतं ते सांगतो. वेळ यूटीसीमध्ये असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. (लास वेगासची २०२४ ची शर्यत तिकडे शनिवारी रात्री दहाला होती, आपल्याकडे रविवारी सकाळी साडेअकराला, तारखेची गल्लत नक्की होते.) अपघाताचा क्षण या संदेशांत नसतो, फक्त रेस कंट्रोलने पहिला झेंडा नोंदवल्याचा असतो. पाऊस असलेल्या शर्यती वेगळ्या गटात ठेवा. आणि रस्त्यावरच्या सर्किटला भिंती जवळ असल्याने सेफ्टी कार लवकर येते, त्यात डायरेक्टरची काही करामत नाही.

२०२४ च्या तीन शर्यतींवरून काहीही सिद्ध होत नाही. तिन्ही सर्किटं वेगवेगळ्या जातीची. २०२५ चा पूर्ण हंगाम मार्केस यांनीच चालवला, तो २०२३ शी लावला तर निदान बहुतेक तीच ती सर्किटं समोर येतात.

कर्बवाला

हे करून बघण्यासारखं आहे. ट्रॅक लिमिट्सच्या, म्हणजे ट्रॅकची हद्द ओलांडल्याने, रद्द झालेल्या लॅप्स मोजल्या तर? विटिख त्याबाबत कडक होते म्हणतात.

लॅपचार्ट

तो आकडा सर्वात फसवा. पांढरी रेषा हीच हद्द, गाडीचा कोणताही भाग आत उरला नाही तर ट्रॅक सोडला, हे नियमांत आधीपासून होतं. मासी यांच्या काळात वळणागणिक हद्द म्हणून कुठे कर्ब (ट्रॅकच्या कडेची रंगीत उंचवट्याची पट्टी), कुठे रेषा असं चालायचं; विटिख आल्यावर सगळीकडे रेषा झाली. तो फरक खरा होता आणि नोट्समध्ये दिसायचा. शर्यतीत तिसऱ्यांदा हद्द ओलांडली की काळा-पांढरा झेंडा (ताकीद), त्यानंतर प्रकरण स्टुअर्डांकडे आणि पाच सेकंद, पुढे दहा.

पण ऑस्ट्रिया २०२३ बघा. बाराशेहून अधिक संशयित नोंदी आल्या, शर्यतीच्या वेळेत त्या तपासून होईनात. ॲस्टन मार्टिनने तक्रार केल्यावर राहिलेल्या तपासल्या आणि आठ चालकांना आणखी दंड बसले, निकाल संध्याकाळी बदलला. २०२४ ला तिथेच नवव्या आणि दहाव्या वळणाच्या बाहेर खडीची पट्टी टाकली आणि प्रकरण थंडावलं. आता हा आकडा उतरला तो कोणामुळे? खडीमुळे. तेव्हा रद्द लॅप्स मोजायच्याच असतील तर आधी त्या वळणाबाहेर त्या वर्षी काय होतं ते तपासा.

डबल यलो

एक भर. सुरुवातीची प्रक्रिया यादीत घ्या, ती निव्वळ डायरेक्टरच्या अखत्यारीतली आहे. विटिख यांची शेवटची शर्यत ब्राझील २०२४. फॉर्मेशन लॅपला (शर्यतीआधीची संथ फेरी) स्ट्रोल घसरून खडीत अडकला, स्टार्ट रद्द झाला. स्टार्ट रद्द म्हणजे ग्रिडवरच (सुरुवातीच्या रांगेतच) थांबायचं, इंजिन बंद. जादा फॉर्मेशन लॅप असेल तर वेगळा इशारा मिळतो, मग निघायचं. नॉरिस तसाच निघाला, रसेल आणि आणखी काही जण त्याच्या मागे. नॉरिसला पाच हजार युरो दंड झाला आणि शर्यत ७१ ऐवजी ६९ लॅप्सची झाली.

इशाऱ्याचे दिवे नियमाप्रमाणेच होते. पण पुढचा निघाला की मागचे दिव्यांकडे न बघता त्याच्याकडे बघतात. इथे रेस कंट्रोलने संघांना रेडिओवर किती सेकंदांत काय सांगितलं हे महत्त्वाचं ठरतं, आणि ते संवाद तुम्हाला त्या लायब्ररीत मिळणार नाहीत. चालकांचे रेडिओ इतरत्र मिळतील, त्यावरून उलटा माग काढा.